दिव्यांगांचा हक्क आणि इमारतीची पायरी
व्हीलचेअरवरील व्यक्ती कार्यालयाच्या पायऱ्यांपाशी अडते, तेव्हा उणीव तिच्या शरीरात शोधली जाते. धडधाकट शरीरालाच प्रमाण मानणाऱ्या या वृत्तीस सक्षमतावाद म्हणतात. दिव्यांग हक्कांची चळवळ मात्र इमारतीच्या रचनेला जाब विचारते.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देत सुगम्यता अनिवार्य केली. परंतु नियमांतील मानके शिफारशीवजाच राहिली. दृष्टिबाधित याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानके आखण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

रॅम्प ऐच्छिक असेल, तर प्रवेशही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. सक्ती झाली, तरच तो हक्क ठरतो.