नवा कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्याची रॅम पाहा

कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीत एक लहानशी अभ्यासिका आहे. तिथला कॉम्प्युटर एका कार्यालयाने मोडीत काढलेला, आम्ही वर्गणी काढून घेतलेला. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुले बसली की दोन खिडक्या उघडताच तो अडून बसायचा. मुले म्हणू लागली, "काका, हा विका आणि नवा घ्या." नव्याला पैसे कुठून आणायचे? तेव्हा कोणीतरी सुचवले, रॅम वाढवा.

आम्ही जवळच्या एका दुकानात गेलो आणि "आठ जीबीची रॅम द्या" म्हणालो. दुकानदाराने काही विचारले नाही, आम्हीही काही विचारले नाही. आणलेली पट्टी बसेचना. कॉम्प्युटर डीडीआर ३ चा, पट्टी डीडीआर ४ ची! पाकीट फोडले म्हणून दुकानदार ती परत घेईना. वर्गणीचे पैसे अडकले. आमची ही चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. टेबल लहान असले की प्रत्येक फायलीसाठी कपाटाकडे उठावे लागते. कॉम्प्युटरचे कपाट म्हणजे हार्ड डिस्क. म्हणून आधी टेबल खरेच भरले आहे का ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू असताना तिथे मेमरी सतत ऐंशी-नव्वद टक्के भरलेली दिसली, तर रॅम कमी पडते आहे. मेमरी मोकळी असून डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने जास्त फरक पडेल.

विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हेही पाहावे. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. तिथे आठ जीबी घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

आता पट्टीची जात. डीडीआर ३ साधारण २००७ पासून बाजारात आली, डीडीआर ४ २०१४ पासून. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पट्टीवरच्या कागदावर पीसी३ असेल तर डीडीआर ३, पीसी४ असेल तर डीडीआर ४. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. बोर्डावर जागा किती आणि तो जास्तीत जास्त किती जीबी घेतो, हेही विचारून घ्यावे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी कागदात गुंडाळून दुकानात न्यावी आणि बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी ठरवावे.

बसवताना कॉम्प्युटर बंद करून वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पट्टीच्या सोनेरी कडेला बोट लावू नये. दोन्ही टोकांचे चाप उघडावेत, खाच जुळवावी आणि अंगठ्यांनी दोन्ही बाजू सारख्या दाबाव्यात. चाप 'टक' करून बसले की झाले. चालू केल्यावर बीप-बीप वाजले आणि पडदा काळाच राहिला, तर घाबरू नये. पुन्हा बंद करून पट्टी नीट बसवावी.

एक गोष्ट मात्र रॅमने सुधारत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे.

आमचे पुढे काय झाले? जुनी पट्टी खिशात घालून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून तिच्या जोडीची, वापरलेली पट्टी आणली. चुकीची पट्टी ठाण्यातल्या एका नातेवाइकाच्या कॉम्प्युटरला लागली आणि वर्गणीचे पैसे मोकळे झाले. नवी पट्टी मात्र आम्ही बसवली नाही. दहावीतल्या एका मुलीने बसवली, आम्ही फक्त बॅटरी धरून उभे होतो. आता अभ्यासिकेतला कॉम्प्युटर अडला, तर मुले दुकानात धावत नाहीत, आधी टास्क मॅनेजर उघडतात.