छायाचित्र संपादन

छायाचित्र संपादन म्हणजे टिपलेल्या छायाचित्राची चौकट, उजेड, रंग, स्पष्टता किंवा त्यातील तपशील यांत नंतर केलेला बदल होय. फिल्मच्या काळात हे काम अंधारखोलीत आणि रीटचिंगच्या पेन्सिलीने व कुंचल्याने होत असे. आज ते संगणकावर किंवा मोबाइलवर होते. संपादनाची मूळ तंत्रे जवळपास सर्व सॉफ्टवेअरमध्ये सारखीच असतात. त्यामुळे ती शिकण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर घेणे आवश्यक नसते.

इतिहास

छायाचित्रात फेरफार करण्याची कला संगणकाहून बरीच जुनी आहे. ऑस्कर रेय्लँडर यांनी १८५७ मध्ये सुमारे तीस निगेटिव्ह एकत्र करून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे छायाचित्र सिद्ध केले. भारतातही एकोणिसाव्या शतकात छायाचित्रांवर हाताने रंग भरण्याची पद्धत रूढ होती.

थॉमस आणि जॉन नॉल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप हे सॉफ्टवेअर अ‍ॅडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले. २०१३ पासून कंपनीने त्याच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणी पद्धतीने देण्याचे धोरण स्वीकारले. स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंप या सॉफ्टवेअरचे काम सुरू केले. गिंप मुक्तस्रोत असून ते विनामूल्य मिळते. त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

मूलभूत तंत्रे

कातरणे व सरळ करणे : चौकटीतील अनावश्यक भाग काढून टाकणे आणि तिरके क्षितिज सरळ करणे ही बहुधा पहिली पायरी असते.

उजेडाची दुरुस्ती : हिस्टोग्राम हा चित्रातील गडद ते उजळ बिंदूंची संख्या दाखवणारा आलेख असतो. त्याच्या डाव्या टोकाला काळा आणि उजव्या टोकाला पांढरा रंग असतो. जुन्या, फिकट झालेल्या कृष्णधवल छायाचित्राची स्कॅन केलेली प्रत पाहिली, तर हा आलेख बहुधा मध्यभागी गोळा झालेला दिसतो. ‘लेव्हल्स’ या साधनातील काळा व पांढरा बिंदू आलेखाच्या दोन्ही कडांशी आणून ठेवला की चित्राला पुन्हा उठाव येतो. ‘कर्व्ह्ज’ या साधनाने हेच काम अधिक बारकाईने करता येते. मात्र जो भाग मुळातच पूर्ण पांढरा उमटला आहे, त्यातील हरवलेला तपशील या साधनांनी परत आणता येत नाही.

रंगसंतुलन : बल्बच्या प्रकाशात काढलेले छायाचित्र पिवळसर दिसते. चित्रातील जी वस्तू प्रत्यक्षात पांढरी किंवा राखाडी आहे, ती प्रमाण धरून इतर रंग सुधारले जातात.

लेयर व मास्क : लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक थर. बदल वेगळ्या लेयरवर केल्यास मूळ चित्र अबाधित राहते. मास्कमुळे लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवता येते : मास्कवरील पांढरा भाग दिसतो, काळा भाग झाकला जातो.

डाग व ओरखडे काढणे : ‘क्लोन’ हे साधन चित्राच्या एका भागाची नक्कल दुसरीकडे उमटवते. ‘हील’ हे साधन ती नक्कल आसपासच्या रंगछटेशी जुळवून घेते.

सॉफ्टवेअरची निवड

गिंपमध्ये वरील सर्व साधने उपलब्ध आहेत. त्याच्या परवान्यानुसार ते कितीही संगणकांवर बसवता येते. त्यामुळे शाळेच्या संगणककक्षासाठीही ते उपयुक्त ठरते. त्यात युनिकोड देवनागरीतील जोडाक्षरेही लिहिता येतात. छपाईसाठी लागणाऱ्या सीएमवायके रंगपद्धतीत थेट संपादन करण्याची सोय मात्र त्यात नाही. ती क्रिटा या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये आहे. परंतु क्रिटाचा मुख्य भर चित्रकलेवर आहे. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींसाठी डार्कटेबल व रॉथेरपी ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरली जातात. फोटोपी ब्राउझरमध्येच चालते, तर मोबाइलसाठी स्नॅपसीड विनामूल्य मिळते.

मुद्रण व जाहिरात व्यवसायात फोटोशॉपचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. त्यामुळे त्या क्षेत्रात नोकरी करू इच्छिणाऱ्यास त्याचा परिचय उपयोगी पडतो. लेव्हल्स, लेयर व मास्क या संकल्पना गिंपमध्ये शिकलेल्यास फोटोशॉपमध्ये मुख्यतः साधनांच्या जागा व नावे नव्याने ओळखावी लागतात. सशुल्क सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरणे हा स्वामित्वहक्काचा भंग असून अशा प्रतींतून संगणकात विषाणू शिरण्याचा धोकाही असतो.

फाइल जतन करणे

जेपेग प्रकारात फाइल लहान करण्यासाठी चित्रातील काही माहिती वगळली जाते. संपादन करून तीच फाइल पुनःपुन्हा जतन केल्यास दर्जा घसरत जातो. म्हणून मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावर काम करावे, चालू काम लेयरसह (गिंपमध्ये एक्ससीएफ प्रकारात) जतन करावे आणि शेवटी एकदाच जेपेग काढावे. चांगल्या छपाईसाठी सर्वसाधारणपणे दर इंचाला ३०० पिक्सेल धरले जातात. त्यानुसार ६ × ४ इंचांच्या छायाचित्रास १८०० × १२०० पिक्सेल लागतात.

संपादनाची मर्यादा

‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर चित्र उभ्या चौकटीत बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाद्वारे एकमेकांजवळ सरकवण्यात आले होते. त्यावर बरीच टीका झाली. वृत्तछायाचित्रणात उजेड व रंग यांची माफक दुरुस्ती सामान्यतः मान्य असते. दृश्यात वस्तू घालणे, काढणे किंवा हलवणे मान्य नसते. जाहिरात व कलाकृती यांत अशा फेरफाराला अधिक मोकळीक असते. जुन्या कौटुंबिक किंवा ऐतिहासिक छायाचित्रांच्या बाबतीत दुरुस्त प्रतीसोबत स्कॅन केलेली मूळ फाइलही जपून ठेवणे इष्ट असते, कारण नंतरच्या अभ्यासकाला काय मूळचे आणि काय नंतरचे हे त्यावरूनच कळते.