धरण दुसऱ्याचे, पूर शहराचा: सुरत महापालिका आपत्तीला कशी सामोरी जाते

तापी नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे असून त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला येते ती केवळ शेपटी. साहजिकच सुरतेच्या पुराची सुरुवात अनेकदा सुरतेत होतच नाही. बऱ्हाणपूर, भुसावळ, अकोला, धुळे या भागांत दोन-तीन दिवस संततधार लागली, की सुरतेचे आकाश निरभ्र असतानाही महापालिकेच्या नियंत्रण कक्षात हालचाल सुरू होते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे किती उघडले, हा प्रश्न सुरतेतील अधिकारी पावसाळ्यात रोज विचारतात.

वरून येणारे हे पाणी आधी उकाई धरणात अडते. १९७२ मध्ये पूर्ण झालेले हे धरण सुरतेच्या वरच्या बाजूला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. धरणावर अधिकार राज्याच्या जलसंपदा खात्याचा. पुराचा अंदाज वर्तवणार केंद्रीय जल आयोग, पावसाचा अंदाज देणार हवामान खाते. जिल्ह्याची आपत्ती व्यवस्था जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती. पाणी मात्र शिरते महापालिकेच्या हद्दीत, आणि लोकांना घराबाहेर काढणे, त्यांना अन्न-पाणी पुरवणे, नंतर गाळ उपसणे हे सारे आयुक्तांच्या माथी येते. ज्या निर्णयावर शहराचे भवितव्य अवलंबून, तो निर्णय शहराच्या हाती नाही, ही सुरतेच्या व्यवस्थेतील मूळ अडचण आहे.

ही अडचण किती महागात पडू शकते, हे ऑगस्ट २००६ मध्ये दिसले. धरणात पाण्याचा मोठा लोंढा येत होता आणि जलाशयात तो सामावून घेण्याइतकी जागा उरली नव्हती. विसर्ग वाढवत वाढवत नऊ लाख क्युसेकच्या पुढे न्यावा लागला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. या हिशेबाने सेकंदाला अडीच कोटी लिटरहून अधिक पाणी. शहरातील नदीपात्र सुरक्षितपणे वाहून नेऊ शकते ते याच्या निम्म्याहूनही कमी. त्यातच ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. पौर्णिमेच्या उधाणात नदीच्या मुखाशी पाणी कसे तुंबते, हे मांडवी-जुवारीच्या काठी राहणाऱ्या गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. अडाजण, रांदेर, कतारगाम यांसह शहराचा तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. होप पुलापाशी नदीची धोक्याची पातळी साडेनऊ मीटर आहे. त्या वेळी पाणी बारा मीटरच्या वर चढले.

पुरानंतर वाद झाला तो पावसावर नव्हे, धरणाच्या व्यवस्थापनावर. पावसाळ्यात धरण लवकर भरून घेतले, तर वीज आणि सिंचन यांची सोय होते. थोडे रिकामे ठेवले, तर खालच्या शहराला श्वास घ्यायला जागा मिळते. या दोन्ही हितांचा मेळ घालण्यासाठी तारखेनुसार पातळी ठरवली जाते. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे, पण अलीकडच्या वर्षांत १ ऑगस्टला ती ३३३ फुटांवर राखण्याचा दंडक आहे. म्हणजे पावसाळा अर्धा सरेपर्यंत वरचे बारा फूट पुरासाठी मोकळे. पुढे पाऊसच पडला नाही, तर हीच मोकळी जागा शेतकऱ्याला बोचते. कागदावरचा हा आकडा वस्तुतः वाटाघाटीचा आकडा आहे, आणि त्या वाटाघाटीत शहराचा आवाज ऐकू येणे हाच पूरनियंत्रणाचा पहिला टप्पा होय.

दुसरा टप्पा भाषांतराचा. ‘तीन लाख क्युसेक सोडणार’ हा निरोप अभियंत्याला पुरतो. नदीकाठच्या झोपडीत राहणाऱ्या बाईला त्याचा काहीही उपयोग नाही. तिला कळायला हवे ते एवढेच, की पाणी आपल्या गल्लीत येणार का, किती वाजता, आणि जायचे कुठे. रॉकफेलर फाउंडेशनच्या आशियाई शहरांसाठीच्या कार्यक्रमात सुरत २००८ पासून सहभागी झाली, आणि २०१२ मध्ये ‘सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट’ स्थापन झाला. या प्रयत्नातून जी पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली, तिचे काम नेमके हेच. वरच्या खोऱ्यातील पाऊस, धरणात येणारी आवक, संभाव्य विसर्ग आणि समुद्राची भरती यांची सांगड घालून कोणत्या विसर्गाला शहराचा कोणता भाग बुडेल, याचे नकाशे आधीच तयार ठेवायचे. विसर्गाचा आकडा आला, की प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याने आपल्या हद्दीतील वस्त्या, शाळांमधील निवारे, होड्या आणि पंप यांची यादी समोर घ्यायची. सिंगणपोरचा कॉजवे सहा मीटर पातळीला वाहतुकीसाठी बंद होतो. हा नियम इतका रुळलेला आहे, की कॉजवे बंद झाल्याच्या बातमीवरूनच अनेक सुरतकर नदीचा अंदाज बांधतात.

झोनची ही घडी पुरामुळे नव्हे, रोगामुळे बसली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. दगावलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास होती, पण भीतीने लाखो लोक शहर सोडून पळाले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराचे सहा झोन केले, प्रत्येकावर आयुक्तांचे अधिकार असलेला अधिकारी नेमला आणि सकाळी वातानुकूलित कक्षात नव्हे, तर कचऱ्याच्या ढिगाजवळ उभे राहण्याची सवय लावली. रुग्णालयांतून आजारांची रोजची माहिती गोळा करण्याची पद्धतही त्या धड्यातूनच रुजली. २००६ मध्ये पूर ओसरल्यावर चिखल, मेलेली जनावरे आणि कुजलेला माल रस्त्यावर पडला होता; तरीही १९९४ची पुनरावृत्ती झाली नाही. आपत्ती व्यवस्थापन म्हणून आपण ज्याकडे पाहतो, त्याचा बराचसा भाग असा रोजच्या झाडलोटीत दडलेला असतो.

अर्थात सुरतेचे गोडवेच गावेत, अशी स्थिती नाही. मुसळधार पावसात शहरातील खाड्या फुगतात. नदीची पातळी वाढली, की नाल्यांच्या मुखावरचे दरवाजे बंद करावे लागतात. आपल्या खाजनातला मानस करतो तेच काम: बाहेरचे पाणी आत येऊ द्यायचे नाही. पण मग आतले पाणीही अडते आणि पंपांवर विसंबावे लागते. मिठी खाडीकाठचे लिंबायत वर्षानुवर्षे हा त्रास सोसत आले आहे. कापड उद्योगात राबणारी खानदेशी मराठी कुटुंबे तिथे मोठ्या संख्येने राहतात. तापीचा लोंढा आधी कळतो. खाडीचा पूर मात्र शहरावरच पडलेल्या पावसाने काही तासांत येतो, त्यामुळे उकाईसाठी बसवलेली घडी तिथे अपुरी पडते. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला संकुलाला आग लागून शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. पुरासाठी नावाजलेल्या शहरात बेकायदा मजला आणि अग्निसुरक्षा यांकडे झालेले दुर्लक्ष त्या दिवशी उघडे पडले.

गोव्याच्या दृष्टीने यात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करता येते. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त, तर उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. सुरतेत व्यवहारात जे होत आले, त्याला आता कायद्याचा आधार मिळाला आहे. गोव्यात महापालिका एकच, पणजीची. भरती आणि पाऊस एकाच वेळी आले, की मळा आणि अठरा जून रस्ता यांची काय अवस्था होते, हे पणजीकर जाणतात; तिथे असे प्राधिकरण उपयोगी ठरू शकेल.

परंतु सुरतेशी आपले खरे साम्य पणजीत नाही, तिळारीत आहे. तिळारी प्रकल्प दोन्ही राज्यांचा, पण धरण दोडामार्ग तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. तिथून सोडलेले पाणी शापोरा नदीतून गोव्यात उतरते. ऑगस्ट २०१९ मध्ये साळ, इब्रामपूर, हणखणे या गावांनी त्याचा अनुभव घेतला. ही गावे कोणत्याही महापालिकेच्या हद्दीत नाहीत. नव्या प्राधिकरणाचे छत्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तिळारीचे दरवाजे उघडण्यापूर्वीचा निरोप त्यांच्यासाठी आजही उत्तर गोवा जिल्हाधिकारी कार्यालयातूनच यावा लागतो.