अहल्या : नांगर न लागलेली

३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला ३०० वर्षं पूर्ण झाली. आपल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ पासून त्यांचं नाव आहे, शेजारच्या नगर जिल्ह्याला २०२४ पासून. नाव रोज तोंडी असतं. त्याचा अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारतं.

मूळ संस्कृत रूप ‘अहल्या’. बारशाच्या पुस्तकांत अर्थ मिळतो ‘निर्दोष सुंदरी’. त्याला आधार रामायणाच्या उत्तरकांडाचा : हल्य म्हणजे कुरूपपणा, तो जिच्यात नाही ती. मीमांसक कुमारिल भट्टांनी पुराणकथेतल्या अहल्येला रात्र मानलं, दिवसात विरून जाणारी. त्या कथेतला इंद्र म्हणजे सूर्य.

मला खुणावतो तो तिसरा अर्थ. हल म्हणजे नांगर. अहल्या म्हणजे नांगर न लागलेली भूमी. आणि सीता म्हणजे नांगराचं तास! बालकांडात राम आधी अहल्येच्या आश्रमात जातो, मग मिथिलेला, जिथे जनकाला जमीन नांगरताना सीता सापडली होती. (तिथे अहल्या शिळाही नाही. ती राखेत पडून, वारा पिऊन, कोणाला न दिसता राहते. शिळा तिला पुढच्या कथांनी केलं.) रवींद्रनाथ ठाकुरांना या जोडनावांत शेतीच्या प्रसाराची कथा दिसली : रामामुळे खडकाळ जमीन पिकाऊ झाली.

इथे मी अडतो. नांगरली नाही म्हणून जमीन वाया गेली, असं मेंढपाळ कधी म्हणणार नाही. सातबाऱ्यावर ज्याचा ‘पोटखराबा’ होतो, त्याच माळावर धनगरांच्या पिढ्या जगल्या. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांनी १७२५ मध्ये लेकीचं नाव ठेवलं ते पुराणातल्या प्रातःस्मरणीय पंचकन्यांतलं. नांगर त्यांच्या मनात नसणार. तरी धनगराच्या घरात हे नाव पडावं, यात मला फार मोठं औचित्य वाटतं.

हा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर बार्शी रस्त्यानं नान्नजला जावं. तिथलं १९७९ मध्ये जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य सोलापूर आणि तेव्हाच्या नगर, अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. तिथल्या गवतावर काळवीट चरतात, लांडगा वावरतो. माळढोक झुडपात घरटं करत नाही. उघड्या जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. तिथे नांगर फिरला, की त्याची वीण संपली. आता तो पक्षी इथे जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. त्रिशताब्दीचे पुतळे, कमानी जरूर उभाराव्यात. पण नान्नजचा उरलेला माळ आधी राखा. अहल्या म्हणतात ती हीच जमीन.