बंदरातील खोळंबा : सिंगापूर आणि न्हावा-शेवा

जहाजातून उतरलेला माल बंदराच्या फाटकाबाहेर पडावयास किती वेळ लागतो, यावरून देशादेशांत प्रतवारी लावण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. जागतिक बँकेच्या २०२० च्या व्यवसायसुलभता अहवालात आयातीच्या कागदपत्रांसाठी सिंगापूरला ३ तास आणि भारताला २० तास लागतात, तर सीमेवरील सोपस्कारांना अनुक्रमे ३३ आणि ६५ तास, असे नमूद होते. आकड्यांतील गैरप्रकारांमुळे बँकेने २०२१ मध्ये ही अहवालमालाच गुंडाळली. ते गैरप्रकार अन्य काही देशांच्या बाबतीतले होते. तेव्हा भारत-सिंगापूर यांच्यातील हे अंतर केवळ त्या सबबीवर झटकून टाकता येणार नाही.

योगायोग असा की, न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले त्याच १९८९ साली सिंगापूरने 'ट्रेडनेट' ही यंत्रणा कार्यान्वित केली. तोवर आयातीच्या परवान्यासाठी कागद घेऊन खात्याखात्यांचे उंबरठे झिजवावे लागत आणि त्यात दिवसच्या दिवस जात. आता एकच अर्ज संगणकावरून जातो आणि बहुतेक परवाने काही मिनिटांत मिळतात. आपल्याकडे अशी 'एक खिडकी' उघडली ती २०१६ साली. सत्तावीस वर्षांचे हे अंतर यंत्रांच्या अभावाचे खचितच नव्हते.

तथापि सिंगापूरचे गोडवे गाणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. त्या नगरराज्यात सीमाशुल्क आहे ते मद्य, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलजन्य पदार्थ यांवरच. उरलेल्या मालावर वस्तू व सेवा कर तेवढा भरावा लागतो. आपल्या दरपत्रकात मात्र हजारो नोंदी आहेत. वस्तू कोणत्या नोंदीत बसते आणि तिची किंमत खरी की कमी दाखविलेली, यावर सरकारचा महसूल अवलंबून असतो. जेथे वादाला कारणच नाही तेथील झपाट्याची तुलना जेथे प्रत्येक पेटीमागे वाद संभवतो तेथल्या गतीशी करणे न्यायाचे नव्हे.

पण आपल्या अधिकाऱ्यांनीही या युक्तिवादाचा फार आसरा घेऊ नये. कारण केंद्रीय सीमाशुल्क मंडळाच्या स्वतःच्या मोजणीनुसारच २०२३ च्या जानेवारीत सागरी बंदरांतून आयात माल सुटावयास सरासरी ८५ तास ४२ मिनिटे, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक वेळ लागत होता. सरकारने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा होती ४८ तासांची. विमानतळांवरचा आकडा ४४ तास १६ मिनिटे होता. आदल्या वर्षापेक्षा बंदरांतील वेळ ९ टक्क्यांनी घटला होता, हेही नोंदविले पाहिजे.

हे तास सगळेच कस्टम्सच्या टेबलावर जात नाहीत. जहाज लागण्यापूर्वीच बिल ऑफ एंट्री दाखल करण्याचे बंधन २०२१ पासून कायद्यातच आहे. तरी आयातदार किंवा त्याचा दलाल ते उशिरा भरतो. आकारणी होऊन गेल्यावरही शुल्काचे पैसे जमा व्हावयास वेळ लागतो. खाद्यपदार्थ, औषधे, रोपे-बियाणे यांच्या नमुन्यांसाठी निराळ्या खात्यांची संमती लागते, आणि तेथे कस्टम्सचा अधिकारीही आयातदाराइतकाच वाट पाहत बसतो.

आता खरा प्रश्न. मंडळाच्याच पाहणीत असे दिसले की, आगाऊ भरलेले कागद, जोखीम कमी ठरल्याने टळलेली तपासणी आणि 'विश्वासपात्र आयातदार' ही नोंदणी या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की माल ठरल्या मुदतीत सुटतो. त्या नोंदणीच्या वरच्या श्रेण्यांतील आयातदाराला शुल्क मागाहून भरण्याचीही मुभा मिळते. पण ही नोंदणी साधते कोणाला? ज्यांच्या पदरी लेखापाल आणि सल्लागार आहेत अशा मोठ्या कंपन्यांना. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी यंत्राचा सुटा भाग मागविणारा चाकणचा किंवा इचलकरंजीचा लहान कारखानदार त्या यादीत सहसा नसतो. यंत्र बंद, मजूर बसून, आणि बंदरात मोफत मुदत संपल्यावर कंटेनरचे भाडे मात्र दिवसागणिक चढत राहते. सरासरीच्या ८५ तासांत त्याचे तास वेगळे मोजलेले नसतात. मंडळाने पुढील पाहणीत लहान आयातदारांचा आकडा स्वतंत्रपणे जाहीर करावा. त्यासाठी सिंगापूरकडे पाहण्याचीही गरज नाही.