पूर्णविरामात दडवलेली चिठ्ठी

१९९९ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघांनी स्वतःच्याच पत्त्यावर एक पत्र टाकलं. पत्र साधं, छापील. पण त्यातल्या पूर्णविरामांवर गाळणकागदाचे बारीक ठिपके डिंकाने चिकटवले होते, आणि त्या ठिपक्यांत डीएनए सुकवलेला होता. पत्र टपालाने सुखरूप परत आलं. ठिपका सोडवून वाचला तेव्हा मजकूर निघाला: ६ जून, आक्रमण, नॉर्मंडी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्तांच्या स्वारीची खबर. त्याच युद्धात जर्मन हेर फोटो लहान करत करत टिंबाएवढा करून पत्रात दडवायचे. त्या युक्तीला या मंडळींनी केलेला हा नमस्कार.

डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, सी आणि जी. तिघांनी इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला, आकड्याला आणि चिन्हाला यांतल्या तीन-तीन अक्षरांचा संकेत दिला. मजकुराची २३ चिन्हं, म्हणजे ६९ अक्षरं. दोन्ही टोकांना २०-२० अक्षरांची ओळखखूण जोडली आणि १०९ अक्षरांचा हा धागा माणसाच्या डीएनएच्या तशाच आकाराच्या असंख्य तुकड्यांत मिसळून टाकला. संकेत फोडणं अवघड नाही, शब्दकोड्यांचा नाद असलेला माणूस चार दिवसांत फोडेल. खरी मेख धागा सापडण्यात आहे.

सापडायचा कसा? कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतलेला कुठलाही वाचक हे तंत्र नावाने तरी ओळखतो: पीसीआर. टोकांच्या खुणा माहीत असतील, तर पीसीआर नेमक्या त्याच धाग्याच्या प्रती काढत जातं. एकाच्या दोन, दोनाच्या चार. ३० फेऱ्यांत एका धाग्याचे शंभर कोटींवर. म्हणजे किल्ली त्या खुणांची. आणि अंदाजाने किल्ली शोधायची म्हटलं, तर एकाच टोकाच्या २० अक्षरांच्या शक्यता लाख कोटींहून जास्त. या कामाबद्दल तिघांतल्या व्हिव्हियाना रिस्काला पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या विज्ञान स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ती तेव्हा शाळेत होती!

आज मात्र ही लपवाछपवी टिकेल असं मला वाटत नाही. आताची यंत्रं कोट्यवधी तुकडे किल्लीशिवायच वाचून काढतात आणि माणसाचा डीएनए आपल्याला पाठ आहे. त्यात न बसणारा धागा पंगतीत आगंतुक उठून दिसावा तसा दिसेल.

या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: ए फक्त टीशी जुळतं, सी फक्त जीशी. याच नियमावर १९९४ मध्ये लेनर्ड एडलमन यांनी परीक्षानळीत गणित सोडवलं होतं. हे तेच एडलमन, ज्यांच्या आडनावाचं अक्षर ‘आरएसए’ या प्रसिद्ध सांकेतिक कुलपात मधोमध नसून शेवटी आहे. गणित असं: सात गावं, १४ एकेरी वाटा, ठरलेल्या गावाहून निघून ठरलेल्या गावी पोचायचं, प्रत्येक गाव एकदाच. गावांना आणि वाटांना २०-२० अक्षरांचे धागे दिले. वाटेच्या धाग्यात निम्मी अक्षरं आधीच्या गावाच्या धाग्याशी जुळणारी, निम्मी पुढच्या गावाच्या. सगळं एकत्र ढवळल्यावर धागे आपसूक जोडले जाऊन हवे-नको ते सारे मार्ग तयार झाले. मग चाळण्या: टोकं बरोबर असलेले ठेवा, लांबी बरोबर असलेले ठेवा, मग एकेक गाव तपासा. मार्ग तयार व्हायला क्षण, चाळायला सात दिवस. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर हे चहा निवायच्या आत सुटतं. पुढे संगणकशास्त्रज्ञ युरिस हार्टमानिस यांनी हिशेब मांडला, की याच रीतीने २०० गावांचं कोडं सोडवायला लागणाऱ्या डीएनएचं वजन पृथ्वीहून जास्त भरेल.

मोजणीत ढ असलेला हा रेणू घड्या घालण्यात मात्र पटाईत निघाला. २००६ मध्ये पॉल रॉथमंड यांनी विषाणूचा सात हजारांवर अक्षरांचा एक लांब धागा घेतला, दोनशेहून जास्त छोट्या धाग्यांनी जागोजागी टाचला आणि त्याचा हसरा चेहरा केला. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी हीच टाचणी कुलूप म्हणून वापरली. लांब धागा मोकळा पाठवायचा. टाचणारे नेमके छोटे धागे ज्याच्याकडे आहेत त्यालाच तो घडी घालता येतो, आणि मग अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली घडीवर ब्रेलसारखे उंचवटे दिसतात. तीच चिठ्ठी.