स्वादुपिंडाची मोठी शस्त्रक्रिया : लाभ किती, धोका किती

व्हिपल शस्त्रक्रिया
अमेरिकी सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडली. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढतात. मग स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर हे तिन्ही आतड्याला नव्याने जोडतात. वेळ : साधारण ४ ते ८ तास.

धोका
- स्वादुपिंडाचा जोड सर्वांत नाजूक. तिथून पाचक रस झिरपला की जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि लांबलेला मुक्काम.
- १० पैकी ३ ते ५ रुग्णांत काही ना काही गुंतागुंत.
- मृत्यू : ही शस्त्रक्रिया नियमित होते अशा केंद्रांत ५ टक्क्यांहून कमी, क्वचित होते तिथे बराच जास्त. वर्षाला किती करता, हे सर्जनला विचारता येते.
- पुढे मधुमेह होऊ शकतो. पचनासाठी जेवणासोबत एन्झाइमच्या गोळ्या लागू शकतात. पूर्ण स्वादुपिंड काढले तर इन्सुलिन कायमचे.

लाभ
स्वादुपिंडाचा कॅन्सर मुळापासून जाण्याची शक्यता शस्त्रक्रियेनेच. मात्र निदानावेळी ५ पैकी जेमतेम एकाची गाठ काढण्याजोगी असते. सोबत केमोथेरपी लागते. यकृतात पसरलेला असेल तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. अशा वेळी गाठीमुळे झालेली कावीळ उतरवायला पित्तनलिकेत स्टेंट बसवतात.

जवळचे संदर्भ
अभिनेत्री नर्गिस यांचे १९८१ मध्ये याच कॅन्सरने निधन झाले. बार्शीचे कॅन्सर रुग्णालय त्यांच्या नावाचे आहे. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासूनची, देशातली पहिली. तिच्यात धाराशिव जिल्ह्यातले भूम आणि परंडा तालुकेही येतात.